शिशाचे सील

सोमवार, ४ फेब्रुवारी

रबरवाल्याकडून आलेले झडपांचे सगळे पडदे आज परत पाठवले. एकाचीही जाडी कडेपासून मध्यापर्यंत सारखी नाही. "साहेब, बुचांना कोणी एवढं मोजत नाही," असे तो म्हणाला. मी बुचे मागवलेली नसून पाण्याखाली श्वास घेणाऱ्या माणसासाठी पडदे मागवलेले आहेत, हे त्याला पूर्वीही सांगितले होते; आज पुन्हा सांगितले. त्याने मान डोलावली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

गेले कित्येक महिने या वहीत मी हवामान आणि पोटाच्या तक्रारी एवढेच लिहीत आलो. आता काम मार्गी लागण्याची चिन्हे आहेत (किंवा कायमचे अडण्याची, ते ठरायचे आहे), म्हणून नीट लिहावे असे वाटते.

जावई बंदरावर पाणबुड्याचे काम करतात. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडणे, नांगराच्या साखळ्या तपासणे, हरवलेली अवजारे चिखलातून काढणे. युद्धानंतर बाहेरून आलेले दोन नळ्यांचे यंत्र ते वापरतात. त्यात दाब उतरवणारी सगळी यंत्रणा पाठीवरच्या डबीत असते. एका नळीने हवा तोंडात येते, दुसरीने उच्छ्वास मागे जातो. वस्तू देखणी आहे, हे मी मान्य करतो. परंतु डबी पाठीशी आणि तोंड पुढे, त्यामुळे पालथे पोहताना हवा ओढून घ्यावी लागते आणि जहाजाखाली उताणे झाले की ती आपणहून घशात घुसते. शिवाय पेटंटाचे कुंपण चहूबाजूंनी असे घातलेले आहे, की आत पाऊल टाकण्याची सोय नाही.

माझी योजना अशी. दाब दोन पायऱ्यांत उतरवायचा: पहिली पायरी टाकीच्या तोंडावर, दुसरी थेट माणसाच्या तोंडाशी. मध्ये एकच बारीक नळी. उच्छ्वास तिथल्या तिथे बाहेर. कुंपणाला हात न लावता बाहेरून रस्ता काढायचा. इस्पितळांच्या प्राणवायूच्या टाक्यांसाठी दाबमापके आणि दाब उतरवणाऱ्या झडपा करण्यात माझा जन्म गेला. माझी एकही झडप आजवर गळलेली नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

खेळाच्या सामानाच्या दुकानात नमुना घेऊन गेलो. दुकानदाराने तो उलटसुलट पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिले आणि विचारले, "दुसरी नळी कुठे पडली?"

पडलेली नाही, ती मुळातच नाही, असे मी म्हणालो.

"मग अर्धीच वस्तू झाली की. गिऱ्हाईक म्हणेल, बाकीची कधी देता?"

दोन नळ्यांनी जे काम होते ते एका नळीने अधिक चांगले होते, हे मी त्याला चित्र काढून दाखवले. बुडबुडे डोळ्यांपुढून जातील, ही त्याची शंका. डबीच्या वजनाने खालचा जबडा अवघडून जाईल, ही त्याच्या मेहुण्याची शंका. मेहुणा पाण्यात उतरतो का, असे विचारले. नाही, तो हिशेब पाहतो. दारापर्यंत सोडायला येताना दुकानदार म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. माणसाला दोन नाकपुड्या आहेत ना, म्हणून दोन नळ्या बऱ्या वाटतात."

या युक्तिवादाला उत्तर देणे मी माझ्या कमीपणाचे समजलो. घरी येईपर्यंत तीन उत्तरे सुचली.

रविवार, १७ फेब्रुवारी

यंत्र प्रथमच पाण्यात गेले. जावई धक्क्याच्या पायऱ्यांवरून उतरले, बराच वेळ खाली राहिले, वर आले.

"कसे वाटले?"

"झकास, बाबा."

"'झकास' हे माप नव्हे. उताणे झालात तेव्हा काय झाले? पालथे झालात तेव्हा काय झाले?"

"काहीच झालं नाही. तेच तर झकास."

यातून टिपणात काय लिहावे? तरीही मान्य केले पाहिजे, की उताणे आणि पालथे यांत फरक न राहणे, हीच माझ्या योजनेची सिद्धी आहे. मुलगी धक्क्यावर शालीत हात गुंडाळून उभी होती. यंत्र चालले याचा तिला आनंद झाला असावा. 

गुरुवार, २८ फेब्रुवारी

जावयांनी यंत्र तपासणीसाठी परत आणले. नळी जिथे तोंडाच्या डबीला जोडलेली आहे, तिथला नट ढिला! पाव फेरा तरी. टाकी उघडताच तिथून हवा फुसफुसत होती. अशा स्थितीत ते दहा दिवस काम करत होते, आणि त्यांना ते जाणवलेसुद्धा नाही. मी पाना घेतला आणि नट असा आवळला, की पुन्हा हलू नये.

"जावईबापू, गळका नट घेऊन पाण्यात उतरणे म्हणजे उघड्या दाराच्या घरात झोपणे."

"हो, बाबा." मान खाली. मग म्हणाले, "थोडं गळलं तर बिघडतं का काही?"

गळण्याला थोडे आणि फार नसते, असे मी सांगितले. गळते किंवा गळत नाही.

रविवार, ९ मार्च

नट पुन्हा ढिला. पुन्हा आवळला.

दुपारी चहाच्या वेळी जावई म्हणाले, "बाबा, कधीकधी हवा जड येते."

"जड म्हणजे? हवेला जड-हलके असते, परंतु ते वजनाने. तुम्हाला 'ओढायला कष्ट पडतात' असे म्हणायचे आहे काय?"

"तसंच काहीसं."

"केव्हा? किती खोलीवर?"

"खोलीचं नाही. काम करताना मध्येच. आणि मग…" त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलगी कपात पाहत होती. "जाऊ दे. होतं ठीक नंतर."

असल्या वर्णनावर यंत्रकाराने काय करावे? तरीही मी यंत्र तपासणीच्या पाटावर चढवले, पंपाने संथ, एकसारखा श्वास ओढून ओढ मोजणाऱ्या काचनळीतील पाणी पाहिले. वर्षभरापूर्वी स्वप्नातही दिसले नसते इतके उत्तम आकडे. त्यांनाही दाखवले.

"पंपाला छान जमतंय," ते म्हणाले. "एकदा तुम्हीच तोंडात धरून बघा ना, बाबा."

माझे काम मोजण्याचे आहे, असे मी उत्तर दिले. ते खरेही आहे. दुसरे कारण त्यांना सांगण्यासारखे नाही. रबराच्या मुखाला दातांत धरण्यासाठी दोन उंचवटे असतात आणि माझे दात वरचे नाहीत, खालचेही नाहीत. कवळी ही बाब माझी, दंतवैद्याची आणि मुलीची. जावयांना त्याचा पत्ता नाही, आणि तो लागण्याचे प्रयोजनही नाही. ज्याने आयुष्यभर 'श' आणि 'ष' यांतील भेद तोंडाने दाखवला, त्याने बोळके उघडून बुडबुडे काढावेत, हे मला मंजूर नाही.

बुधवार, १९ मार्च

बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यांचा निरोप: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धक्क्यावर प्रात्यक्षिक पाहण्यास येतील. पसंत पडल्यास बंदराच्या सर्व पाणबुड्यांसाठी माझे यंत्र घेण्याचा विचार करतील. मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, "यांना सांगितलं का?" त्यांनाच तर उतरायचे आहे, अर्थात सांगितले. "काय म्हणाले?" बरे म्हणाले.  हल्ली हिच्या प्रश्नांमागे आणखी प्रश्न असतात आणि ते ती विचारत नाही.

नट आज पुन्हा ढिला सापडला. आता या प्रकाराला आळा घालणे भाग होते. आमच्या कारखान्यातून इस्पितळाला जाणाऱ्या प्रत्येक मापकाच्या नटाला आम्ही तार गुंफून शिशाचे सील दाबतो. सील शाबूत, तर काम आमचे; सील तुटले, तर जबाबदारी तोडणाऱ्याची. हीच पद्धत इथे लागू केली. नट आवळला, तार ओवली, शिसे दाबले, त्यावर माझा छाप उठवला. जावयांना यंत्र सोपवताना सील दाखवले.

त्यांनी अंगठ्याने ते चाचपले. "म्हणजे आता हे हलायचं नाही."

"हलता कामा नये."

"छान दिसतंय," ते म्हणाले.

त्यांच्याकडून इतकी दाद प्रथमच मिळाली.

शनिवार, २२ मार्च

जावई इस्पितळात आहेत. जहाजाखाली साखळी मोकळी करत असताना घाईने वर आले आणि डोके जहाजाच्या तळावर आपटले. शिंपल्यांनी कपाळ चिरले. टाके पडले. पोटात पाणीही गेले. धक्क्यावरच्या माणसांनी ओढून बाहेर काढले, तेव्हा बोलत नव्हते. आता बोलतात.

मी पोहोचलो तेव्हा नाकाशी प्राणवायू लावलेला होता. खाटेशेजारच्या टाकीवर माझेच मापक. सील अजून स्वच्छ. मी त्यांना धीर यावा म्हणून ते दाखवले. त्यांनी डोळ्यांनी 'हो' म्हटले.

"वर न बघता कसे निघालात?" मी विचारले.

"चुकलंच," ते म्हणाले.

मुलगी खाटेच्या पलीकडे बसून होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

येताना धक्क्यावरून यंत्र घेऊन आलो. मनात धास्ती होती, ती कंदिलाखाली पाहताच गेली. सील शाबूत आहे. दोष यंत्राचा नाही.

रविवार, २३ मार्च

दोन ओळी लिहून खोडल्या.

सोमवार, २४ मार्च

जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला ते लिहिता येणार नाही.

सकाळी यंत्र पाटावर चढवले. अपघाताविषयी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे होते, त्यापूर्वी यंत्र निर्दोष असल्याची खात्री हवी होती. तोंडाच्या डबीला पंप, नळीला मापक. पंप चालवत होतो. काटा जिथे असायला हवा तिथेच होता. मुलगी आत आली. चपलाही काढल्या नाहीत.

"काय चाललंय?"

"मोजतो आहे. अधिकाऱ्यांना कळवायचे आहे, की यंत्रात—"

"बाबा, पंप थांबवा."

"एवढे आकडे घेतो आणि—"

"थांबवा म्हटलं ना."

मी पंपावरून हात काढला.

"नट कोण ढिला करायचं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"निष्काळजीपणामुळे—"

"हे करायचे. मुद्दाम. दर वेळी पाण्यात उतरायच्या आधी. नट ढिला असला की हवा थोडी गळते, पण अडकत नाही, म्हणतात. घट्ट असला की काम करताना मध्येच बंद पडते. का ते त्यांना कळत नाही, मला कळत नाही. अंदाजानं जमवलं होतं त्यांनी आपलं. आणि तुम्ही दर वेळी आवळून पाठवायचात."

"मग त्यांनी मला हे सांगितले का नाही?"

"सांगितलं नाही? माझ्यासमोर सांगितलं. हवा जड येते म्हणाले. तुम्ही त्या 'जड'चाच समाचार घेतलात. तुम्हाला काही सांगणं म्हणजे नळी फुंकली सोनारे. एकदा फुंकेल माणूस, दोनदा फुंकेल."

"शनिवारी तरी—"

"शनिवारी सील होतं. मी म्हटलं, तोडा ते. म्हणाले, बाबांनी लावलंय, ते कसं तोडायचं? लहानसं काम आहे, जाऊन आलोच." तिने ओठ आवळले, मग सोडले. "माझ्यादेखत गेले ते. मीसुद्धा नाही तोडलं. मीही तुमचीच मुलगी."

तिचा आवाज चढलेला होता, हे नमूद करतो. ती बराच वेळ बोलत राहिली. लग्नापासूनचे काही, त्यापूर्वीचे काही, तिची आई आजारी असतानाचे काही. त्यातले सगळे इथे लिहिण्याची आवश्यकता नाही.  तेवढा सगळा वेळ मी पंप चालवला नाही. ती थांबली तेव्हा तिच्याकडे पाहणे जमेना, म्हणून मी मापकाकडे पाहिले.

काटा जिथे सोडला होता तिथे नव्हता. दुप्पट वर चढलेला होता आणि अजून चढत होता.

मी पंप ओढला. झडप उघडली नाही. जोराने ओढला. नाहीच. काचनळीतले पाणी पार वर गेले. टाकी हवेने भरलेली, नळी फुगलेली, आणि डबीतून एक घोटही बाहेर येईना.

सगळे तिथेच, उभ्या उभ्या उलगडले. टाकीवरच्या पहिल्या पायरीच्या बैठकीवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, ओरखडा होता. बंदरावर हवा भरताना धूळ जाते, तिचा. त्या ओरखड्यातून दाब नळीत हळूहळू झिरपत होता. माझा पंप थांबत नाही. तो एकसारखा ओढतो, म्हणून दाब चढायला कधी सवड मिळाली नाही. माणूस थांबतो. हातोडा मारताना, साखळी ओढताना श्वास धरून ठेवतो. तेवढ्यात दाब चढतो. आणि तोंडाची झडप मी अशी बसवली आहे, की नळीतला दाब तिला मागून रेटून बंद करतो. इस्पितळाच्या कामात ही झडप सर्वोत्तम मानतात, कारण ती कधी गळत नाही. दाब वाढला, की अधिक घट्ट बसते. नट ढिला असता, तर चढलेला दाब तिथून निघून गेला असता. जावयांनी नकळत सुटकेची वाट ठेवली होती. ती मी बुजवली, आणि वर शिसे दाबले.

मी हे मुलीला सांगितले. शक्य तितक्या सोप्या शब्दांत.

"म्हणजे दाब वाढला की ती आणखीच तोंड मिटून बसते?" तिने विचारले.

"होय."

"असा एक माणूस आहे माझ्या माहितीत."

ती कोणाविषयी बोलत होती, ते मी विचारले नाही. ती वेळ नव्हती. तिने चहा केला. दोघांनीही घेतला नाही.

शुक्रवार, २८ मार्च

जावई घरी आले आहेत. भेटायला गेलो. जिना चढताना वाक्य तयार केले होते: "सील लावण्यात माझी चूक झाली, तिची शिक्षा तुम्हाला भोगावी लागली, याचे मला दुःख आहे." निर्दोष वाक्य आहे. दार त्यांनीच उघडले, कपाळाला पट्टी, आणि म्हणाले, "या बाबा, इतके दिवस मी शिंपले खरवडले, आता त्यांनी मला खरवडलं." वाक्य राहून गेले. मी तासभर झडपांच्या स्प्रिंगांविषयी बोललो. ते ऐकत होते. निघताना मुलीने जिन्यावर विचारले, "बोललात?" बोललो, म्हणालो. तासभर बोललो होतोच.

मंगळवार, ८ एप्रिल

झडप उलटी बसवली. आता नळीतला दाब तिला उघडायला पाहतो आणि स्प्रिंग तिला मिटलेली ठेवते. वरून दाब नको इतका चढला, तर झडप आपोआप उघडून जादा हवा तोंडाशी सोडून देईल. बिघाड झाला तर हवा अधिक मिळेल, बंद होणार नाही. कागदावर हे इतके सोपे दिसते, की आधी का सुचले नाही याचा संताप येतो. सुचले नाही, कारण ही झडप गळते.

गळतेच. स्प्रिंग कडक केली, तर गळत नाही, परंतु श्वास ओढताना छाती दुखेल. मऊ केली, तर श्वास सहज, पण डबी वाकडी होताच हवा पुटपुटू लागते. दोन्हींच्या मधले काही सापडावे म्हणून आठवडाभर स्प्रिंगा वळतो आहे. स्प्रिंगवाला म्हणतो, "काका, एकदा काय ते ठरवा. गळायला हवी की नको?" जन्मभर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आज अधिकाऱ्यांचे पत्र आले. प्रात्यक्षिक रद्द. दोन नळ्यांची आणखी यंत्रे बाहेरून मागवण्यात आली आहेत. दोन वर्षांचे काम चार ओळींत निकालात निघाले, आणि त्या चार ओळींतही 'प्रात्यक्षिक' ऱ्हस्व-दीर्घासकट चुकलेले. दुकानदाराच्या मेहुण्याला आता आनंद होईल.

संध्याकाळी मुलीकडे. जावयांनी नवी झडप पाहिली, बोटाने दाबली, फूस झाले, हसले. "ही बरी. बोलते तरी." रविवारी उतरून पाहू म्हणाले. मुलगी ताटे पुसत होती, ती तिथूनच म्हणाली, "हे आता ती तोंडात धरणार नाहीत."

"अगं," जावई म्हणाले.

"आधी बाबांनी धरायची. पाण्याखाली. मग तुम्ही."

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"पायऱ्यांवर उभं राहायला पोहावं लागत नाही."

"माझे काम—"

"मोजायचं. माहीत आहे. तिथंच उभे राहून मोजा."

जावई खिडकीबाहेर पाहू लागले. ती माझी अडचण जाणते, तरीही बोलली. किंवा जाणते म्हणूनच.

रात्री दार लावून आरशासमोर प्रयत्न केला. मुख तोंडात घेतले, दातांत धरले, काढले. वरची कवळी त्याच्याबरोबर बाहेर आली आणि मोरीत पडली. तुटली नाही.

रविवार, १३ एप्रिल

आज बंदरावर काम बंद असते. धक्क्यावर आम्ही तिघेच, आणि पक्षी.

टाकीवरच्या पहिल्या पायरीत मी जुनीच बैठक बसवली, ओरखडा असलेली. मुलीने विचारले, नवी का नाही? नवी बसवली तर काही सिद्ध होणार नाही. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर जी होती, तीच माझ्या पाठीवर असली पाहिजे. नट आवळला. सील लावले नाही.

जावयांचा लोकरी सदरा माझ्या अंगाला सैल झाला. त्यांनी टाकीचे पट्टे बांधले, माझ्या कमरेला शिशाचा पट्टा घातला, त्याला दोर लावून टोक स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळले. "ओढला की वर काढतो. घाबरू नका." मी घाबरलेलो नाही, असे सांगितले.  पुढे ढकलण्यासारखे काही उरले नव्हते. मी पाठ वळवली, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि मुलीच्या हातात दिली. तिने मूठ मिटली.

जावई पक्ष्यांकडे पाहत होते. पाहता पाहता म्हणाले, "बाबा, लग्नाच्या जेवणातच कळलं होतं मला. सगळे बदाम फोडत होते, तुम्ही तुमचे खिशात टाकलेत."

इतकी वर्षे! मी पायऱ्यांकडे वळलो. 

पायऱ्यांना शेवाळ आहे. लोखंडी साखळीला धरून एकेक पायरी उतरलो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले, तेव्हा श्वासच अडकला; थंडीने. मुख हिरड्यांत धरले, ओठ आवळले आणि पुढची पायरी उतरलो. डोके पाण्याखाली गेले.

हवा आली. एवढेच लिहितो. मापकाने, पंपाने, काचनळीने मी ही हवा हजारदा पाहिली होती. ती अशी कोरडी, थोडी रबराची चव असलेली आणि मागितल्याबरोबर येणारी असते, हे मला ठाऊक नव्हते.

मग जे करायला आलो होतो ते केले. श्वास धरला. ओरखड्यातून दाब चढत असणार. थांबलो. छाती दुखू लागली. अशाच वेळी, याहून काळोखात, साखळी हातात असताना त्यांनी हवा ओढली असेल आणि ती आली नसेल. आणि तोंडाशी माझा छाप असलेले सील असेल. मी आणखी थांबलो. तेवढ्यात डबी कुरकुरली. झडप आपणहून उघडली आणि हवा ओठांशी सळसळू लागली, बुडबुडे गालांवरून वर जाऊ लागले. मी ओढली. होती. भरपूर होती.

वर आलो तेव्हा दोघेही पायरीवर वाकलेले. मुलगी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली होती, तिच्या लक्षात नव्हते.

"आली?" जावयांनी विचारले.

मी मान हलवली. मुख हातात होते, तोंड रिकामे, आणि जिन्यावरचे ते वाक्य अजून शिल्लक होते. कवळी मागावी, ती बसवावी, मग बोलावे, असे मनात आले. तोवर वाक्य पुन्हा राहिले असते. मी तसाच बोललो. सगळे वाक्य, शेवटपर्यंत. 'सील'चा काय उच्चार झाला ते लिहिणार नाही. 'शिक्षा' हा शब्द तर केवळ वारा होता.

जावयांनी मनगटावरचा दोर सोडला.

"कळलं, बाबा," म्हणाले.

मग माझ्या पाठीवरून टाकी उतरवून त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली. मुख माझ्या हातातून घेतले. ते धुवावे, निदान सदऱ्याला पुसावे, असे सांगण्यासाठी मी हात वर केला. तोवर त्यांनी ते तोंडात धरले होते. पायऱ्या उतरून ते पाण्याखाली गेले.

आम्ही दोघे पायरीवर उभे होतो. पाण्यावर बुडबुड्यांचे दोन प्रकार येत होते. एक मोठे, थांबून थांबून; ते त्यांचे श्वास. दुसरे अगदी बारीक, न थांबता एका रेषेत. ती झडपेची गळती. ती रेषा साखळीच्या बाजूने पुढे गेली, जहाजाच्या सावलीत शिरली, तिकडून परत फिरली. मुलगी मोठे मोजत होती, ओठ हलत होते. मी बारीक पाहत होतो. त्यांत खंड पडू नये म्हणून पाहत होतो.

कवळी परत मागायची राहिली. ती अजून तिच्याकडेच आहे.